म्हशीने तोंड फिरवले

निपाणीकडच्या आमच्या गावात गटारांचं पाणी नगरपालिकेच्या हौदात निवळायचं, मग खडी-वाळूतून गाळून ओढ्यात सुटायचं. तिथल्या राखणदाराला आम्ही आप्पा म्हणायचो. गोऱ्या साहेबाने पाणी तपासायला दिलेल्या काचेच्या नळीत तो तपकीर ठेवायचा. गाळलेलं पाणी आधी त्याच्या म्हशीपुढे जायचं. ती प्यायली, तरच तो ओढ्याकडचं दार उघडायचा.

एकदा तिने तोंड फिरवलं. आप्पाने दार उघडलंच नाही. हौद तुंबून घाण त्याच्याच झोपडीत शिरली.

"आप्पा, तिला तहान नसंल," मी म्हणालो.

"व्हय, नसंलबी. पर खाली बाया पाणी भरत्यात न्हवं?"

हा शहाणा की खुळा, मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण संध्याकाळी पाहिलं, तर घोटाभर घाणीत उभा राहून आप्पा म्हशीला मीठ चाटवत होता.