अंधारातली बाटली

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साउथहॅम्प्टनमध्ये मी पाण्यातून औषधं काढायचं संशोधन करत होते. माणूस गोळी घेतो, तिचा काही भाग लघवीवाटे गटारात आणि पुढे नदीत जातो. अशा पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड ढवळायची आणि वरून अतिनील दिवा लावायचा. त्या उजेडात औषधाचे तुकडे होतात. नवरा तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. "मी औषधं घालतो, तू काढ. छान चाललाय संसार," म्हणायचा.

मग त्याला लागोपाठ दोन फिट्स आल्या. गाडीचं लायसन्स गेलं, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चुकली तर पुन्हा फिट येईल, ती जिवावरही बेतेल, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. पेशंटना तोच सांगायचा. पण गोळ्यांनी सुस्ती यायची, राउंडवर शब्द आठवायचे नाहीत, आणि त्याची फार चिडचिड व्हायची. "होईल सवय," म्हणून मी विषय संपवायचे. ऐकून घ्यायला मला वेळ कुठे होता!

आमचे सर म्हणाले, शुद्ध पाण्यात कोणीही करेल, खराखुरा नमुना आण. नवरा घेत होता तेच औषध माझ्या यादीत होतं, तेव्हा मी घरी लघवीच्या नमुन्यासाठी बाटलीच पुढे केली. "अगं, काहीतरीच काय!" म्हणत तो दोन दिवस टाळत राहिला. मी हट्टाला पेटले. शेवटी दिली त्याने.

नमुन्याचे दोन भाग केले, दोन्हींत पूड घातली. एक बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली; दुसरी, तुलनेसाठी, फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात. शुक्रवारी उन्हातली बाटली मशीनवर तपासली. औषध शून्य. दिवा न लावता, तेही इंग्लंडच्या उन्हात! मी नाचायचीच काय ती बाकी होते. लगेच त्याला फोन लावला. "शून्य?" त्याने विचारलं, मग म्हणाला, "वा! कॉन्ग्रॅच्युलेशन्स गं." शनिवारी ट्रेनने लंडनमधल्या वेम्बलीला जाऊन आम्ही जिलबी खाल्ली.

सोमवारी त्याला सुट्टी होती. सरांनी माझा आकडा पाहिला आणि एवढंच विचारलं, "अंधारातली बाटली काय म्हणते?" ती मी तपासलीच नव्हती. तपासली. तिच्यातही शून्य.

दुसऱ्या कुठल्याही बायकोला तिथेच कळलं असतं. मला वाटलं, मशीन बिघडलं. ते धुतलं, नवं द्रावण केलं, मुद्दाम औषध घालून पाहिलं. मशीन ठणठणीत होतं. यात तीन वाजले. औषध उन्हाने गेलं नव्हतं, ते त्या बाटलीत कधी नव्हतंच. घरी फोन केला तर नुसताच वाजत राहिला. टॅक्सी करून घर गाठलं. तो बाथटबमध्ये होता. पाणी गार झालं होतं.

संध्याकाळी पोलीस अधिकारी समोर वही घेऊन बसला. भला माणूस होता. मला नवऱ्याचा इतका राग आला होता की त्याला गदागदा हलवून विचारावं, मला का नाही सांगितलंस? आणि सांगू बघत होता तेव्हा मी कुठे होते, हेही मला कळत होतं.

"ते गोळ्या नियमित घेत होते का?" अधिकाऱ्याने विचारलं.

रक्त तपासणार, हे मला माहीत होतं. माझ्यासारखंच कुणीतरी, माझ्यासारख्याच मशीनवर.

"हो," मी म्हणाले. "रोज. मीच द्यायचे."