हशासाठी सोडलेली जागा

दुपारी नवऱ्याला भरवून मी त्यांच्या पलंगावरच टेकले. टीव्हीवर हॉलिवूडचा जुना विनोदी सिनेमा चालू होता, संगीत नाटकावरून केलेला. प्रत्येक विनोदानंतर नट जरासे थांबत. रंगमंचावर तिथे हशा येत असणार. यांना पक्षाघात झाल्यापासून मीही अशीच बोलते, त्यांच्या उत्तरासाठी थांबते आणि पुन्हा बोलू लागते.

इतक्यात एका लठ्ठ नटाच्या केसांचा टोप उडून सूपमध्ये पडला. सगळे थांबले. यांच्या घशातून घोगरा आवाज आला.

"काय होतंय हो?" मी घाबरून विचारलं.

"टोप," ते कसेबसे म्हणाले. ते हसत होते.

माझ्यात हसण्याचंही त्राण नव्हतं. त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं आणि कितीतरी दिवसांनी मला निर्धास्त झोप लागली.