मालकाच्या रकान्यात मामाची सही

आमचा मामा बंदरावरच्या नोंदणी कचेरीत कारकून. त्याच्या खिडकीवर होड्यांचे परवाने मिळत. पुढे सरकारने उपग्रहांचे परवानेही तिथेच द्यायचं ठरवलं. वेगळा कायदा करायला कोणाला सवड नव्हती, म्हणून होडीचाच फॉर्म ठेवला. वल्ही किती, नांगर कुठे टाकणार, सगळं तसंच. इतर देशांत परवान्याला दोन वर्षं लागत, मामाकडे चहा निवायच्या आत काम. परदेशी कंपन्यांची रीघ लागली आणि मामा हवेत गेला.

कागद वाचायचा नाही, ही त्याची जुनी खोड. एका गर्दीच्या दिवशी त्याने एका कंपनीच्या गठ्ठ्यावर सपासप सह्या ठोकल्या, त्याही 'मालक' या रकान्यात. कंपनीचा माणूसही घाईतच. उरलेला रकाना 'परवानगी देणारा अधिकारी' होता, तिथे त्याने सह्या केल्या.

तीन वर्षांनी त्यातला एक उपग्रह बिघडून खाली यायला निघाला. फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं: धडक बसल्यास मालक नुकसान भरून देईल. कंपनीच्या वकिलाने मामाच्या साहेबांना फोनवर अगदी गोडीत कळवलं, "मालक तुमच्याच कचेरीत बसतात."

मामाची पाचावर धारण बसली. हा धोंडा कुणाच्या डोक्यात पडला तर राहतं घर जाणार होतं. मामी येईल त्याला सांगे, "घरातला पंखा तीन महिने बंद आहे, आणि हे वर काय काय फिरवत बसलेत." मला हसू आवरेना. आमच्या मामाच्या मालकीचा उपग्रह आहे, असं दुसरं कोण सांगू शकत होतं?

गुरुवारी दुपारी बातमी आली, समुद्रात पडला. मामा कचेरीच्या टेबलावर चढून नाचला. उतरल्यावर ढसाढसा रडला. साहेब खूश होऊन प्रकरण बंद करण्यासाठी तो जुना गठ्ठा काढायला गेले आणि परत आले ते चेहरा पाडून. फॉर्म अकरा होते. दहा अजून वर फिरत होते, आणि मालकाचं नाव बदलून घ्यायला कंपनीने नम्रपणे नकार दिला.

तेव्हापासून मामा प्रत्येक फॉर्म बोट ठेवून वाचतो. तुमचा उपग्रह पडणार कुठे, कोणावर, असं विचारतो. कंपन्या कंटाळून दुसरा देश शोधू लागल्या. साहेब वैतागले, "अहो, सगळी गिऱ्हाइकं चालली."

"जाऊ देत साहेब," मामा म्हणाला. "माझी दहा कार्टी बाहेर उंडारतायत. ती धड घरी येईपर्यंत दुसऱ्यांची नकोत."