घाटे बाईंनाच

आमच्या शाळेत दोनच शिक्षक. पहिली-दुसरी कारंज्याहून एसटीने येणाऱ्या बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

बाई एसटीतून उतरल्या की पोरं धावत फाट्यापर्यंत जायची. कुणी पिशवी घ्यायचं, कुणी डबा. हरभऱ्याचे दिवस आले की बाईंच्या टेबलावर हिरव्या घाट्यांचा ढीग. माझ्या टेबलावर हजेरीपट आणि छडी. माझ्या वर्गाचे तिसापर्यंत पाढे पाठ, बाईंची पोरं पाचातच अडखळायची. तरी घाटे बाईंनाच! माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? त्यातले मूठभर बाई मला द्यायच्या, तेव्हा तर जास्तच.

छडीला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण रस्त्यात भेटणारा प्रत्येक बाप म्हणायचा, "कातडं तुमचं, हाडं आमची, गुर्जी." मला तेवढं पुरे होतं. शेवटी मी छडी सोडली ती कायद्याला भिऊन नाही, की मला पाझर फुटला म्हणूनही नाही. बाईंना मिळतं ते मला हवं होतं, म्हणून. एका सोमवारी छडी मोडून खिचडीच्या चुलीत घातली.

आठवडा गेला. पोरं गोंधळली. पाढा चुकला की आपणहून हात पुढे करायची. मी नुसतं "बस" म्हटलं की एकमेकांकडे बघायची. घाटे काही आले नाहीत. पिशवी कुणी धरली नाही. बाईंच्या वर्गातलं हसू मात्र रोज भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर चौथीतली एक मुलगी मागे थांबली. नवाच्या पाढ्यात हमखास अडणारी ती एकटीच, म्हणून माझा सगळ्यात जास्त मार खाल्लेली. हात पाठीमागे लपवलेले. घाटेच असणार! बाई बघतायत ना, म्हणून मी त्यांच्या दाराकडे एक नजरही टाकली.

तिने तुरीची वाळकी काडी पुढे केली.

"गुर्जी, तुमची छडी हारपली नं? आमच्या वावरातून आनली."

मी हातात घेतली. सरळ, सोललेली, कुठे खरखर नाही.

"एवढी गुळगुळीत काहून केली?"

"गाठी तासल्या, गुर्जी," ती म्हणाली. "गाठ लागली का लय दुखते."