क्रेनच्या पायाखालची फळी

समोरच्या वखारीत सागाचे ओंडके ट्रकवर चढवायचे होते. क्रेनवाल्याने क्रेनच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय बाहेर काढले, प्रत्येकाखाली जाड फळी सरकवली आणि फळीवर उभं राहून ती दबते का, ते पाहिलं. मालक वैतागले, "अरे, दोनच तर ओंडके आहेत!" तो म्हणाला, "जमीन ओली आहे, शेठ," आणि दुसऱ्या बाजूची फळी बघायला गेला.

मी चहा तसाच हातात धरून बघत राहिलो. त्याच्या जागी मी बावीस वर्षं बसलो. मलाही हे सगळं येत होतं. एका पावसाळ्यात, अशाच ओल्या जमिनीवर, साखळी बांधणारा नामदेव म्हणालाही होता, "थांब, फळ्या आणतो." मी म्हणालो, "एकच तर ओंडका आहे." दोन मिनिटं वाचवून मला कुठे जायचं होतं, ते आज आठवतही नाही. क्रेनचा पाय चिखलात रुतला, ती कलली आणि लोंबकळता ओंडका नामदेववर आला. तो वाचला, पण उजवा पाय गेला.

दर दिवाळीला मी त्याच्याकडे जातो. त्या दिवसाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. यंदा मी निघालो, तेव्हा कुबडी टेकत दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पायरी आत्ताच धुतलीय. ओली आहे, जपून उतर."