आमेन कुणी म्हणायचं

बंगळुरातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत माझं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जातं. मी प्रार्थना फर्मास करतो. मंडळी लहान आहे. बेळगाव-निपाणीकडून फार पूर्वी आलेली काही घरं आणि माझ्यासारखे नोकरीपायी इथे येऊन पडलेले काही जण. कुणी गाडी घेतली, कुणाला बाळ झालं, कुणी घर बदललं, की पाळकांच्या आधी मला फोन येतो. मी जातो, डोळे मिटतो आणि "हे दयाळू स्वर्गीय बापा" म्हणून जो सुटतो, तो त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबत नाही. बायको म्हणते, तुमच्या प्रार्थनेत मधेच एक डुलकी काढली तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही. हे कौतुक आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

गेल्या वर्षी अक्का न्हाणीघरात घसरून पडली. अक्का आमच्या मंडळीतलीच, पण नात्याने माझी कुणी नाही. वीस वर्षांपूर्वी मी या शहरात आलो तेव्हा जयनगरात तिच्या घरावरच्या खोलीत राहायचो. पहिल्याच दिवशी ती ताट घेऊन जिना चढून आली आणि नावगाव विचारायच्या आधी म्हणाली, "जेवलास काय?" मी जेवलो नव्हतो. तेव्हापासून ती माझी अक्का.

ती पडल्याचं कळलं तसा मी कामावरून थेट तिच्याकडे गेलो. मी होसकोट्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासतो. त्या दिवशी गिऱ्हाइकाकडून एक अख्खा लॉट परत आला होता आणि डोकं तापलेलं होतं. अक्का डोक्याला पट्टी बांधून पलंगावर बसली होती, शेजारपाजारचे चार जण भोवती होते. मी तिचा हात धरला, डोळे मिटले आणि सुरू झालो. मन त्या परत आलेल्या लॉटमध्ये होतं, तोंड आपलं काम करत होतं. आदल्याच रविवारी यशवंतपूरला एका नव्या घराची प्रार्थना मी केली होती. तीच तोंडातून बाहेर पडली. "प्रभू, हिचा पाया खडकावर राहू दे. हिच्या चारही भिंती भक्कम ठेव. ही सदैव पाहुण्यारावळ्यांनी भरलेली असू दे. आमेन."

डोळे उघडले तर अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती. पट्टीला हात लावून आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "भिंती सरी आहेत रे. छप्पर तेवढं स्वल्प गळतंय. ते बघायला सांग की त्याला."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. अक्का हा किस्सा आजही चारचौघांत सांगते. पण त्या दिवशी तिच्या घरातून बाहेर पडताना माझं हसू गेलं. जिने मला या शहरात पहिलं जेवण दिलं, तिच्यासाठी मी देवाजवळ मनापासून एक शब्दसुद्धा काढला नव्हता. मग वाटलं, याआधी तरी कधी काढला होता? इतकी वर्षं मी बोलत होतो ते कुणाशी? मी घाबरलो. विश्वास गेला की माणसाला लगेच कळतं असं मला वाटायचं. तसं काही नसावं.

आठवड्याने तपासण्यांचे कागद आले. अक्काच्या डोक्यात गाठ होती आणि ऑपरेशन तीन आठवड्यांनी ठरलं. तिचा फोन आला. "आदल्या शनिवारी दुपारी घरात प्रार्थना ठेवलीय. शेवटची तू करायची. आणि या वेळी माझी कर, घराची नको."

"सरी अक्का," मी म्हणालो. फोन ठेवला आणि तसाच उठलो.

मी पाळकांकडे गेलो. आमचे पाळक तरुण आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे म्हटले तरी चालतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही देवापुढे बोलता सुंदर. पण कधी गप्प बसलाय का?"

मला राग आला. मी सल्ला मागायला आलो होतो, आणि हे पोरगं मला गप्प बस म्हणत होतं. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. रोज पंधरा मिनिटं बसायचं. मनात एकच वाक्य म्हणायचं, प्रभू, मी इथं आहे. मागायचं काही नाही, सांगायचं काही नाही.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही."

"काही नाही कसं? जमलं की नाही ते तपासायचं कसं?"

"काका," ते हात जोडून म्हणाले, "तपासायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. प्रभू, मी इथं आहे. खाली पालेभाजीवाली "सोप्पू, सोप्पू" करत आली. शेजारी मिक्सर सुरू झाला. चटणीला इतका वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. तरीही मी चिकाटीने बसलो. पण खरी अडचण आतून आली. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा एकच अर्थ होतो, की मी रागावलोय. तिसऱ्या दिवशी बायकोने चहाचा कप समोर आपटला.

"अहो, काय ते एकदाचं बोलून टाका. तुमच्या बहिणीला मी जे बोलले त्यावरूनच ना हे?"

ती माझ्या बहिणीला काही बोलली होती हेच मला ठाऊक नव्हतं. ते तेव्हा कळलं. त्या दिवशी पुढे काही शांतता राहिली नाही.

म्हणून मी कंपनीच्या बसमध्ये बसायला लागलो. बसायला म्हणजे बसमध्ये रोजच बसत होतो, आता डोळे मिटून बसू लागलो. एकदा के. आर. पुरमच्या सिग्नलला डोळे मिटले आणि मनात म्हटलं, प्रभू, मी इथं आहे. अर्ध्या तासाने डोळे उघडले तर खरंच तिथेच होतो. मधल्या वेळात मी तीन वेळा ड्रायव्हरला, दोनदा साहेबांना आणि एकदा पाळकांना मनातल्या मनात झापून घेतलं होतं. शेजारचा सहकारी मला झोप लागली असं समजून माझं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचा. भला माणूस. मला त्याला दूर ढकलावंसं वाटायचं, आणि मग तेच प्रभूला सांगावं लागायचं.

तीन आठवडे संपले. शांतता म्हणावी अशी एकूण चारेक मिनिटं पदरात पडली असतील. एक मात्र झालं होतं. माझी वाक्यं आता माझ्याच कानांना ऐकू येऊ लागली होती, आणि ती कानांना बरी लागत नव्हती.

शनिवारी अक्काच्या दिवाणखान्यात पंधराएक माणसं गोल बसली. आत उपीट आणि केसरीबात, म्हणजे इथला केशरी शिरा, तयार होता. आमच्याकडे अशा सभेत साखळी प्रार्थना होते. एकाने मोठ्याने प्रार्थना करून "आमेन" म्हटलं की सगळे "आमेन" म्हणतात आणि पुढचा सुरू करतो. ते "आमेन" येईपर्यंत कुणी डोळे उघडत नाही, कुणी मधे बोलत नाही. साखळी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. अक्का माझ्या शेजारी होती. मी तिचा हात हातात घेतला.

"हे दयाळू" ओठांवर आलं. त्याच्यामागे सगळी वाक्यं रांगेत उभी होती, पाया, भिंती, कृपादृष्टी. मी तोंड मिटलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सुचत नव्हतं. प्रभू, मी इथं आहे, एवढंच मनात म्हटलं.

एक मिनिट गेलं. कुणीतरी खाकरलं. आणखी एक मिनिट गेलं. बायकोचं कोपर माझ्या बरगडीत घुसलं. समोरच्या एका म्हाताऱ्या काकांना वाटलं की मी विसरलोय, म्हणून त्यांनी हळू आवाजात सुरुवात करून दिली, "हे दयाळू स्वर्गीय बापा..." माझे कान तापले. माझी इतक्या वर्षांची अब्रू त्या खोलीत वितळत होती आणि आत उपीट गार होत होतं. मी "आमेन" म्हणेपर्यंत कुणालाच सुटका नव्हती.

आणि तेवढ्यात मला कळलं की अक्काचा हात थरथरतोय. हा हात प्रार्थनेत मी किती वेळा धरला असेल. तो आधीही कधी असाच थरथरला होता का, ते मला सांगता येणार नाही. माझं लक्ष माझ्या आवाजाकडे असायचं. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

मग शेजारून एक बारीक आवाज आला. वीस वर्षांत अक्काला प्रार्थना करताना मी एकदाही ऐकलं नव्हतं. साखळीत तिची पाळी यायची तेव्हा ती माझ्याकडे बोट करायची आणि मी आनंदाने सुटायचो. आज तिने रिवाज मोडला. माझ्या "आमेन"ची वाट न बघता ती बोलली.

"प्रभू, मला भीती वाटायलीय. स्वल्प जवळ बस."

एवढंच. पुढे ती थांबली. सगळे तसेच डोळे मिटून बसले होते. तिची प्रार्थना झाली की नाही, कुणाला कळत नव्हतं. मला कळलं. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणालो, "आमेन."