त्या शुक्रवारी मी पुरण घातलं

गुड फ्रायडेच्या दिवशी मी सिस्टर लोकांच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, फाटकापुढे ठिपक्यांची रांगोळी काढली आणि साऱ्या घराला पुरेल एवढं पुरण घातलं. आता हसा. माझ्या नातवंडांनी हसून घेतलंय, तुम्हीही हसून घ्या, मग पुढचं सांगते.

तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा, मुलं मुंबईला नोकरीला लागली होती. रिकामी बसून काय करू म्हणून मी महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहानशा आश्रमात स्वयंपाकाला लागले. तीन-चार सिस्टर तो चालवायच्या. पुढच्या खोल्यांत मुलं असत. कुणाला घरच नव्हतं, कुणाला घरात ठेवणं बरं नव्हतं. मागच्या दोन खोल्या रस्त्यावरून आणलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. माझी नणंद सगळ्यांना सांगत फिरायची, "बघा, बाटेल एक दिवस." मी म्हणायचे, "इतकी वर्षं तुझ्या भावाच्या संगतीत राहून बदलले नाही, ती आता काय बदलणार!"

त्याच आठवड्यात एक म्हातारी आणली होती. कशेडी घाटाच्या पायथ्याशी एका बंद टपरीच्या आडोशाला ती राहायची. पायाला जखम, ती चिघळलेली. पावसाळ्यात तिथे डोंगर सुटून रस्त्यावर येतो, ट्रकसुद्धा अडकून पडतात. ही बाई तिथे पत्र्याखाली निजणार. डॉक्टरांनी पाय बांधला, पण म्हातारी आमच्या अन्नाला हात लावीना. गाठोड्यातले चणे खायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

"आजी, दोन घास खा," मी ताट घेऊन गेले.

"आजी कोनाला म्हनतेस गो? तू काय कवळी हायस?"

"बरं, बाय म्हणते. खा आता."

"कुठली तू?"

"तुडीलकडची."

"तुडीलची नि हितं? बाटलीस काय?"

"नाय बाटले. पगार घेऊन रांधते."

"तू पगार घेतेस. मी काय देऊन खाऊ?"

मी ताट परत आणलं आणि आत येऊन म्हातारी किती हट्टी आहे ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. मोठ्या सिस्टर केरळच्या, त्यांची मराठी सावकाश आणि स्वच्छ. त्या म्हणाल्या, "कोंडून ठेवायचं नाही. शनिवारी जाते म्हणाली, तर आपणच तिला स्टँडवर सोडू." पण त्यांचा चेहरा उतरला होता. शनिवारी ती गेली की पुन्हा टपरी, आणि पुढे पाऊस. हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी सिस्टरांनी मला बोलावलं. "उद्या आमचा मोठा दिवस आहे. पेज आणि मूग करा, बाकी काही नको. आणि बाजारातून थोडी कारली आणा, रस काढायचाय."

मोठा दिवस आणि पेज? आमच्याकडे पेज तापाच्या माणसाला देतात, नाहीतर रोजच्या न्याहारीला. सणाला कोण पेज खातं? मी मनात म्हटलं, बिचाऱ्या पै-पै वाचवून पोरांना पोसतात, स्वतःच्या सणालासुद्धा गोडाधोडाचा विचार करत नाहीत. आणि कारल्याचा रस म्हणजे सिस्टरांना नक्की साखरेचा त्रास असणार. विचारायला तोंड होतं, पण शहाण्या बायका विचारत नसतात. मी घरून हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणला.

शुक्रवारी सकाळी सिस्टर मोठ्या मुलांना घेऊन प्रार्थनेला गेल्या. माझा हात असा चालला की विचारू नका. तोरण झालं, रांगोळी झाली, धाकट्या पोरी वेलची सोलायला बसल्या. डाळ शिजली, कट काढला, गूळ घालून पुरण पुन्हा चुलीवर चढवलं. आता सिस्टर येतील, दार बघून डोळे पुसतील, आपण म्हणायचं 'अहो, त्यात काय एवढं!' हे वाक्य मी दोनदा पुटपुटून पाहिलं होतं.

दुपारी त्या आल्या. अनवाणी, माना खाली. पहिल्या सिस्टरांचा पाय रांगोळीपाशी थांबला आणि त्यांच्यामागे सगळी रांग थांबली. कुणी हसलं नाही. मी पळी हातात घेऊन दारात उभी, मागे पुरण रटरटतंय.

मोठ्या सिस्टर जवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाल्या, "मावशी, आज आमच्या घरात मयत आहे असं समजा. आज येशूला मारलं, तो दिवस."

माझ्या हातातली पळी कुठे ठेवू ते कळेना. दारावर तोरण, चुलीवर पुरण आणि घरात मयत! धरणी फाटली असती तर मी आनंदाने आत गेले असते; पण तीही अशा वेळी फाटत नाही. तेवढ्यात मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरून आवाज आला. म्हातारी भिंत धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मयताच्या घरात पुरान? गो, तुला सासूनं काय शिकवलं का नाय?"

"मला ठाऊक नव्हतं..."

"मयताच्या घरी चूलसुदिक पेटवायची नसते. आदी ता तोरन काढ." मग सिस्टरांकडे बघून तिने मला विचारलं, "ह्यांना कडू घास कोन देनार? शेजारी कोन हाय ह्यांना?"

आमचा आश्रम रस्त्याकडेला एकटाच. शेजार कुठला, आणि मयताच्या घरी द्यायचा तो कडू घास रांधून आणणार कोण?

म्हातारी लंगडत अंगणात गेली. फणसाच्या झाडाखाली तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि माझ्याकडून फक्त एक टोप मागून घेतला. तांदूळ द्यायला गेले तर हात झटकला. "मयताच्या घरचं तांदूळ त्यांनाच घालतेस?" गाठोड्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ होते, ते तिने टोपात घातले.

मुलांना उपास नसतो म्हणून सिस्टरांनी त्या पुरणाच्या पोळ्या करून त्यांना वाढायला सांगितल्या. पोरांनी ताव मारला. कुणीही काही बोललं नाही, म्हणून माझं समाधान की निदान पोळी तरी साधली.

तीनची प्रार्थना झाली. सिस्टरांनी आधी कारल्याचा रस घेतला. त्यांच्या गावाकडे या दिवशी कडू पितात, हे मला तेव्हा समजलं. मग म्हातारीने प्रत्येकीच्या वाटीत पळीभर पेज वाढली. मोठ्या सिस्टर वाटी हातात घेऊन नुसत्याच बसल्या, तर ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "प्या गो बाय. गेलेलं मानूस काय परत येत नाय. प्या." सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या, काहीतरी बोलणार होत्या, बोलल्या नाहीत, प्यायल्या. घास देणाऱ्याने सोबत दोन घास घ्यायचे असतात, म्हणून म्हातारीही प्यायली. ताटाला पाठ न करता बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली.

शनिवारी सकाळी गाडी काढली. म्हातारी जागची हलेना. "तिसरा दिस झाल्याबिगर मयताच्या घरातून शेजारी उठतो काय?" वर मला म्हणाली, "माझं तांदूळ सरलं. आता तुझ्या डब्यातलं काढ."

ती जेवली. मी आत जाऊन सिस्टरांना सांगितलं, या वेळी काहीही न रंगवता.

आता रविवार. शुक्रवारचा धडा मी चांगला घोकला होता. विटकी साडी नेसले, दारातली उरलीसुरली रांगोळी खरवडून धुतली, पेजेचं आधण ठेवलं आणि तोंड सुतकी करून बसले. तर सिस्टर आल्या त्या गातच! पोरं टाळ्या पिटतायत, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे.

"मावशी, तिसऱ्या दिवशी तो उठला! आज सण!" मोठ्या सिस्टर हसत म्हणाल्या. "तुमचं तोरण कुठे आहे?"

तोरण मी शुक्रवारीच बकरीला खायला घातलं होतं. विटक्या साडीत, पेजेच्या टोपापाशी, मी पुन्हा एकदा सगळ्या घरात एकटी शहाणी उभी.

म्हातारी उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होती. तिसरा दिवस झाला होता, शेजारधर्म फिटला होता, गाठोडं तिच्या मांडीवरच होतं. मी भीत भीत तिला विचारलं, "मग बाय, गाडी काढायला सांगू काय?"

तिने गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

"सनाच्या घरातून कोन उठून जातं गो? ह्या आत ठेव नि डाळ भिजव. नि ह्या टायमाला पुरान मी घाटनार. शुक्रवारी तू दारात पळी धरून उभी व्हतीस नि पुरान बुडाला लागलं, ता मला मागच्या खोलीत वासावरून कळलं व्हतं."